गणपतीच्या पाटाचं विमान

जपानने ब्रह्मदेश घेतला त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक विमान तयार झालं. लाकडाचं, काळं, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसहा इंच. ते करायला चार दिवस लागले. त्यानंतरच्या तीन दिवसांत जे झालं ते आठवलं, की अजूनही माझं हातातलं काम थांबतं.

आम्ही वलवणचे सुतार. म्हणजे सासरचे. माझं माहेर मळवलीचं. वडील रेल्वेत सुतार होते, डब्यांच्या फळ्या बदलायचे. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली. वडिलांना पुढेपुढे बारीक दिसेना, म्हणून त्यांनी मला फूटपट्टीवरचे इंग्रजी आकडे शिकवले. ते फळी धरायचे आणि मी माप वाचायचे. एवढंच माझं शिक्षण. लग्न होऊन आले तेव्हा चौदाची होते, आणि मी सांगते आहे त्या वर्षी सोळा-सतराची.

सासरे गाड्या, नांगर, दारांच्या चौकटी करायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. माप वितीने, बोटाने आणि दोरीने. पण त्यांनी बसवलेल्या उंबऱ्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली तर पाणी कुठल्याही बाजूला झुकायचं नाही. काम झालं की ते खरोखर वाटी ठेवून बघायचे. गिऱ्हाईक समोर असो नसो.

नवरा त्यांचा एकुलता एक. आता तो नाही, म्हणून मी ‘तो’ म्हणते. तेव्हा असं म्हटलं असतं तर सासूने तोंड फोडलं असतं. त्याला सुतारकाम येत नव्हतं. खोक्याला खिळे मारायचा, बस्स. बापाच्या हाताखाली दोन वर्षं बसला आणि करवतीची तीन पाती मोडली. कुस्ती आणि पत्ते, यात त्याचं मन. लढाई सुरू झाली, लष्कराची माणसं भरतीला आली, त्यांनी विचारलं, कोण तू? हा म्हणाला, सुतार. त्यांनी सुतार म्हणून लिहून घेतला. सुताराचा मुलगा सुतार नसेल हे त्यांना कसं सुचावं? एक पेटी करायला लावली, ती त्याने ठोकून दिली आणि पास झाला.

नशीब असं, की त्याची नेमणूक घराजवळच झाली. धरणावर आणि खालच्या वीजघरावर जपानी विमानं येतील या भीतीने वलवणच्या टेकाडावर तोफा आणल्या होत्या. छावणी पडली होती. लोणावळ्यातले बंगले मुंबईहून पळून आलेल्या माणसांनी भरले होते, दिवे लागणीला सगळीकडे काळे कागद. नवरा छावणीत राहायचा आणि आठवड्यातून एकदा सुटी काढून जेवायला घरी यायचा.

त्या मंगळवारी तो सुटीचा दिवस नसताना आला. हातात गुंडाळलेला कागद. सासरे पडवीत पाणी पीत बसले होते. त्यांच्यासमोर त्याने कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले.

“आबा, शनिवारी दुपारच्या आत हे झालं पायजे.”

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. “काय हाय? मासा?”

“इमान. जपान्याचं.”

सासूने चुलीपुढून मान वळवली. “जपान्याचं आपल्या घरात कशाला?”

मग त्याने सांगितलं. तोफेवरच्या शिपायांना विमान दिसल्याबरोबर कळलं पाहिजे की हे आपलं का त्यांचं. नाहीतर आपलंच पाडतील. त्यासाठी लाकडाची लहान विमानं तारेला टांगून शिपायांना दाखवतात आणि ओळखायला लावतात. पुण्याहून ती यायची होती, आपली आली, जपान्याचं आलंच नाही. रविवारी मोठा साहेब तपासणीला येणार. तोफांच्या साहेबाने परेडवर विचारलं, सुतार कोण? हा पुढे झाला.

“आन् का पुढं झालास?” सासरे म्हणाले. “तुला पोळपाट तरी येतो का?”

“पुढच्या मंगळवारी गाडी हाय आबा. आमची टोळी बंगालकडं चालली. साहेब म्हनला, इमान बराबर झालं तर तुला हितंच ठेवून घेतो, आनखी करायला. न्हाई झालं तर बस गाडीत.”

सासूच्या हातातली भाकरी तव्यावर जळली तरी तिने ती उलटली नाही.

मला नवऱ्याची फार ओढ होती असं नाही. दोन वर्षांच्या संसारात तो घरी किती राहिला होता? पण आमच्या आळीत एक बाई होती. तिचा नवरा आधीच्या लढाईत बोटीने गेला तो परत आला नाही, आणि मेला असंही कुणी कळवलं नाही. तिला कुंकू पुसता येत नव्हतं आणि लावून चारचौघींत बसताही येत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावलं तर बायका कुजबुजायच्या, नाही बोलावलं तर ती रडायची. पंचवीस वर्षं तिची अशी गेली. मला ती व्हायचं नव्हतं.

“कागद वाचायला कोन येनार?” सासऱ्यांनी विचारलं.

“ही वाचील की,” नवरा माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला आणि जेवून परत गेला.

आमच्या घरात बाईने हत्याराला हात लावायची रीत नव्हती. पडवीच्या ज्या भागात हत्यारं असायची तिथे मी झाडूसुद्धा मारत नसे, सासरे स्वतः झाडायचे. त्यामुळे बुधवारी सकाळी त्यांनी मला उंबऱ्यावर बसवलं, कागद माझ्या मांडीवर, आणि ते आत. मी आकडा वाचायचा, फूटपट्टीवर बोट ठेवून दाखवायचं, ते तेवढी दोरी धरून गाठ मारायचे. कागदावर विमान तीनदा काढलं होतं: एकदा वरून दिसतं तसं, एकदा बाजूने, एकदा समोरून. बाजूला माप दिलं होतं. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे आपला एक इंच. मी हिशेब केला आणि सांगितलं की खरं विमान आपल्या घरापेक्षा लांब आहे. सासऱ्यांना पटेना.

“घर कसं उडंल?” ते म्हणाले.

लाकडाचा प्रश्न आधी आला. सागवान जड आणि रेषा जाड, एवढ्या बारीक कामाला चिरतं. शिवणीच्या झाडाचं लाकूड पाहिजे, आणि तेही पुरतं वाळलेलं. घरात होती ती मागच्या वर्षी तोडलेली. ओली शिवण आज कापली तर उद्या वाकते. सासरे थोडा वेळ उभे राहिले, मग घरात गेले आणि माळ्यावरून गणपतीचा पाट काढून आणला. त्यांच्या आज्याने केलेला, शिवणीचा. दर भादव्यात त्याच्यावर गणपती बसायचा आणि बाकी वर्षभर तो फडक्यात बांधून माळ्यावर.

सासू पाण्याहून आली तेव्हा पाटाचे दोन तुकडे झाले होते. तिने डोक्यावरची घागर उतरवली नाही. तशीच उभी राहिली.

“गनपतीचा हाय तो,” ती म्हणाली.

“ठावं हाय मला.”

“त्याचं तुमी जपान्याचं इमान करताय.”

“पोराचं करतोय,” सासरे म्हणाले आणि करवत चालू ठेवली.

ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. मलाही आत काहीतरी लागलं होतं. देवाचा पाट कापताना करवतीचा आवाज नेहमीसारखाच येतो, हे मला ऐकवेना. काहीतरी वेगळं व्हायला हवं होतं असं वाटत होतं. काही झालं नाही. भुसा पडला, इतकंच.

गुरुवारी धड झालं. माशासारखं, पुढे जाड, मागे निमुळतं. बारीक पटाशीने सासऱ्यांनी शेपटीचं पान काढलं, ते नखाएवढं पातळ. वर मधोमध एक उंचवटा होता. मी कागद बघून सांगितलं की ही काच असावी, ह्याच्या आत माणूस बसतो.

सासू लांबून बघत होती. दीड दिवसाने पहिल्यांदा बोलली. “किती बसत्यात?”

“एकच दिसतोय आत्याबाई.”

“एकटाच येतो? इतक्या लांबनं?” ती म्हणाली. “त्याच्या आयेला ठावं हाय का?”

पंख एकाच पट्टीचे केले, आडवे. धडाला खालून खाच पाडून ती पट्टी त्यात बसवायची. कागदावर समोरून काढलेल्या चित्रात पंख टोकांकडे वर गेलेले दिसत होते, पसरट ताट असावं तसे. तिथे इंच-फुटाचं माप नव्हतं, फक्त सहाचा आकडा आणि त्याच्या खांद्यावर बारीकसं शून्य. सहा मला वाचता आला. शून्य तिथे वर का बसलंय ते कळेना. शाळा तिथपर्यंत गेलीच नव्हती. मी सासऱ्यांना म्हटलं, “मामंजी, हितं पंख वर उचलल्यात.”

त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला. “गुंडाळून आनलाय न्हवं. कागदाला बाक आलाय. त्यात काडनाऱ्याची रेघ बी हालली आसंल.”

“दोनी बाजूंनी सारखीच हालली?”

“पोरी, चाळीस वर्सं चौकटी बसवतोय. आडवं ते आडवंच पायजे. वाकडं इमान वर राहील का?”

मी फूटपट्टी खाली ठेवली. पंख बसवून झाल्यावर त्यांनी त्या साडेसहा इंचांच्या पट्टीवर माझ्या काजळाची डबी पाण्याने भरून ठेवली. पाणी जरासुद्धा झुकलं नाही. ते खूश झाले. मीही झाले.

शुक्रवारी सकाळी खरवतीच्या पानांनी मी ते घासलं. खरवतीचं पान कानशीसारखं खरखरीत असतं, आणि पान म्हणजे काही हत्यार नव्हे, म्हणून ते माझ्याकडे आलं. साहेबाने सांगितलं होतं की काळा रंग चकाकता कामा नये. तेलाचा रंग चकाकतो. मी तेलाच्या दिव्यावर परात पालथी घालून काजळी धरली, ती लाकूड चिकटवायच्या पातळ सरसात कालवली आणि चिंधीने लावली. काळंकुट्ट, आणि उजेड पडला तरी उजळेना. दुपारी बाराच्या आत विमान झालं होतं. एक दिवस आधी. सासरे जेवले आणि मळवलीला एका गाडीचं जू बघायला गेले. सासू म्हणाली, “झालं एकदाचं. घरातनं जाऊ दे आता.”

मी धुणं घेऊन धरणाखालच्या ओढ्यावर गेले. पाऊण वाटेवर असताना आवाज आला. घाटाकडून एक विमान येत होतं, आपलंच, पुण्याकडे चाललेलं. त्या दिवसांत कधीकधी जायचं. पण नेहमी ते उंच आणि बाजूने जायचं, दिसायचं एक ठिपका. त्या दिवशी खाली होतं आणि सरळ माझ्या समोरून येत होतं. मी वर पाहिलं.

त्याचे पंख वर उचललेले होते. ताटासारखे. कागदावर होते तसेच.

धुण्याची पाटी मी तिथेच ठेवली. ते डोक्यावरून गेलं, त्याच्या आवाजाने छाती हलली, पण मला भीती त्याची वाटली नाही. मला दिसत होतं ते घरातलं विमान. आम्ही कागदाला खोटं ठरवलं होतं. उद्या दुपारी साहेब ते हातात घेईल, समोरून बघेल आणि विचारेल, हे कोणतं? असं विमान जपान्याकडे नाही आणि आपल्याकडेही नाही.

धावत घरी आले. सासू अंगणात मिरच्या निवडत होती. सासरे दिवेलागणीपर्यंत यायचे नव्हते. सरस वाळायला उन्हाचे चार-पाच तास लागतात, आणि रात्रीची हवा दमट. ते आल्यावर सांगितलं असतं तर आधी त्यांना पटवायला एक तास, मग कापणं, मग वाळवणं. शनिवारी दुपारपर्यंत झालं नसतं. म्हणजे असं मी तेव्हा धरलं.

मी पडवीच्या त्या भागात गेले. बारीक दातांची करवत खुंटीला होती. ती काढली. विमान पाटाच्या उरलेल्या तुकड्यावर उताणं ठेवलं, डाव्या हाताने दाबलं आणि पंख धडाच्या कडेला कापला. आधी एक, मग दुसरा.

मागे सासू उभी होती. तिच्या सुपातल्या मिरच्या जमिनीवर पडल्या होत्या.

“अगं,” ती म्हणाली. मग खाली बसली. “अगं, तू काय केलंस?”

“आत्याबाई, चुकलं व्हतं ते.”

“माझ्या पोराला घालवलास तू.”

खरंतर मलाही तेच वाटत होतं. कापायचं कळलं होतं, जोडायचं कळत नव्हतं. दोन्ही पंख हातात घेऊन मी बसले. आपण काय केलं हे हात थांबल्यावर समजतं.

सासरे अपेक्षेपेक्षा लवकर आले. उन्हं अजून पडवीत होती. त्यांनी आधी सासूकडे पाहिलं, मग खाली. तीन तुकडे.

“कुनी?”

“मी.”

“कोनती करवत?”

मी दाखवली. त्यांनी ती उचलली, दात बोटाने तपासले. मी थपडेची वाट बघत होते. थपड आली नाही. ते म्हणाले, “दात साबूत हायत.” मग बसले.

मी कागद त्यांच्यापुढे उभा धरला आणि ओढ्यावर काय पाहिलं ते सांगितलं. माझा तळहात आडवा धरून, मग दोन्ही तळहात जोडून टोकं वर करून दाखवलं. “आपल्या इमानाचं बी तसंच हाय. माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

त्यांनी त्या वर गेलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.

“म्हंजी मी चुकलो,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. सासूनेही नसावेत. तिने पदर तोंडाला लावला. मला थपडेने बसला नसता एवढा धक्का त्याने बसला.

मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, कागदावरच्या रेघेवर ठेवून तिला तेवढाच बाक दिला आणि तिच्या बाकाप्रमाणे पंखांची मुळं तासली. बांबूच्या दोन खुंट्या केल्या, काडीएवढ्या. सरस कढवला. जोडताना टोक मधल्यापेक्षा किती वर आलं ते मी फूटपट्टीवर वाचलं. आठ सुतांचा इंच, त्यातल्या तीन सुतांना जरा कमी. कागदावर मोजलं, तेवढंच. खाली लाकडाच्या दोन चपट्या चिपा ठेवून पंख त्या उंचीवर टेकवले आणि सूर्य मावळेपर्यंत मी ते उन्हामागे सरकवत नेलं, पापड वाळवावेत तसं. शनिवारी सकाळी परत उन्हात. नऊ वाजता पुन्हा काजळी. जोड कुठे आहे ते शोधून सापडत नव्हतं.

अकरा वाजता नवरा आला. विमान हातात घेऊन फिरवलं. “झ्याक,” तो म्हणाला. कापल्या-जोडल्याचं कुणी त्याला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. रुमालात गुंडाळलं आणि गेला.

रविवारी संध्याकाळी तो परत आला तेव्हा अर्ध्या आळीला ऐकू जाईल असं बोलत होता. मोठ्या साहेबाने विमान हातात घेतलं, समोरून बघितलं, पंखाला पट्टी लावली. शिपायांना लांबून दाखवलं, सगळ्यांनी बरोबर ओळखलं. ‘किसने बनाया?’ म्हणून विचारलं. आमच्या ह्याने एक पाऊल पुढे टाकलं. मोठ्या साहेबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मंगळवारच्या गाडीतनं माझं नाव काडलं,” तो म्हणाला.

सासूने देवापुढे साखर ठेवली. पाटाबद्दल माफी मागितली असावी.  

“आन् आनखी सहा सांगितल्यात,” नवरा म्हणाला. “निरनिराळी.”

सासरे म्हणाले, “आन कागद. उद्या सकाळी बसतो.”

“हितं न्हाई. छावनीत करायची. उद्यापासनं. मोठा साहेब दोन दिवस हाय, त्याला बघायचंय कसं करतो ते. हत्यारं बी सरकारी.”

हे तो हसत सांगत होता. मग त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याचं हसणं थांबलं. मला वाटतं त्याला तोपर्यंत खरोखर कळलं नव्हतं. पाठीवर हात पडल्यावर माणसाला वाटतं, आपणच केलं.

सासऱ्यांनी शिवणीचा एक तुकडा त्याच्या हातात दिला. “बस. धड काड.”

तासाभरात त्याने तीन तुकडे वाया घालवले. चौथा सासऱ्यांनी दिला नाही.

मी म्हटलं, “आवं, खरं सांगा साहेबाला. बापानं केलं म्हना. बापाला घेऊन जा.”

“खोटं बोललो म्हनून आधी कोंडतील. मग गाडीत घालतील. बंगालात न्हेऊन पुढं कुटं टाकतील ते ठावं हाय का तुला?”

“मग काय करनार?”

“बघतो,” तो म्हणाला. सदरा झटकला आणि निघून गेला. जाताना सासूच्या पाया पडला नाही, आणि हे मी लक्षात ठेवलं आहे, कारण तो नेहमी पडायचा.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला छावणीतला जमादार आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने सासऱ्यांना सांगितलं, “आबा, घाबरू नका. जीव हाय. काम करताना हत्यार लागलं. डाव्या हाताची तीन बोटं गेली. पुन्याला दवाखान्यात न्हेलंय.”

सासू जमिनीवर कोसळली नाही, रडली नाही. तिने जमादाराला पाणी दिलं. तांब्या रिकामा होता. त्याने तो तोंडाला लावला, पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. आम्हां तिघांपैकी कुणाला पाणी आणायचं सुचलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी लष्करी गाडी लोणावळ्याहून गेली. वलवणपर्यंत तिची शिटी ऐकू आली. तो तिच्यात नव्हता.

तीन आठवड्यांनी त्याला घरी सोडलं. हातात कागद, की नोकरीला नालायक. अपघात साहेबाच्या देखत झाला होता, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. आळीतली माणसं भेटायला आली. सगळ्यांना तो एकच सांगत होता, लाकूड तासताना वाकस घसरला. लोक म्हणत होते, सुताराचं कामच तसं.

माणसं गेल्यावर सासरे त्याच्याजवळ बसले. “सोड पट्टी.”

“डाक्तरनं सांगितलंय, सोडायची न्हाई.”

सासऱ्यांनी त्याचा हात मांडीवर घेतला आणि स्वतः पट्टी सोडली. जखम भरत आली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली होती. मी बघितलं आणि नजर काढून घेतली. सासरे मात्र लाकडाची फळी बघावी तसे बघत होते. हात उजेडाकडे वळवला, तीन ठिकाणी बोट फिरवलं.

“घसरला न्हाई,” ते म्हणाले.

नवऱ्याने हात मागे ओढला, सासऱ्यांनी सोडला नाही.

“वाकस घसरला की सोलून जातो. एक बोट खोल, दुसरं वरवर. ही तिनी एका पातळीत हायत. वरनं आलाय. एकच घाव.”

“आवं, काय बोलताय?” सासू म्हणाली.

“हात कुटं ठेवला व्हतास?”

नवरा म्हणाला, “ठोकळ्यावर. पसरून.”

“साहेब?”

“शिगरेट पेटवायला वळला व्हता.”

सासऱ्यांनी पट्टी परत गुंडाळायला घेतली, पण त्यांना जमेना. चाळीस वर्षांचा हात, आणि एक चिंधी गुंडाळता येईना. ती मी घेतली. ते उठले, पडवीत गेले, आणि त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्यार उचललं नाही. मळवलीच्या माणसाचं जू तसंच पडलं होतं. तो दोनदा येऊन गेला.

मी त्या घरात खूप वर्षं काढली, आणि हा विचार अनेकदा केला आहे. मी ती करवत उचलली नसती तर पंख आडवेच राहिले असते. साहेबाने विमान बाजूला टाकलं असतं, आणि तो दहा बोटांनिशी मंगळवारच्या गाडीत बसला असता. पुढे काय झालं असतं ते माहीत नाही. त्याच्या टोळीतली काही माणसं परत आली. काही नाही आली. विमान चांगलं झालं, म्हणून हे असं झालं. यात मला अजून कुणाची चूक नीट सापडलेली नाही.

त्याला सदऱ्याच्या गुंड्या लावता येत नव्हत्या. उजव्या हाताने लावता आल्या असत्या, पण तो प्रयत्न करत नसे. घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, सदरा उघडा. मी लावायला लागले. मान खाली होती माझी. दुसऱ्या गुंडीला वर पाहिलं, तर तो हसत होता. त्या रविवारी संध्याकाळी हसला होता तसाच.

“ऱ्हायलो का न्हाई हितंच?” तो म्हणाला.

मी पुढची गुंडी लावली.